माचीवरची न्याहारी

करवंदमाचीवर मे महिन्यात पाहुणे बोलावणारी बाई एक तर खुळी असली पाहिजे, नाहीतर अडलेली, असं खाली पाचाडात लोक म्हणत होते. नूतन दोन्ही आहे असं तिच्या सासूचं, बयाबाईचं मत होतं. आणि त्या घरात बयाबाईचं मत कुणाला मागावं लागत नसे.

लोकांचंही काही चुकत नव्हतं. पाचाडाच्या वर, रायगडाच्या समोरच्या डोंगरावर ही माची. पावसाळ्यात इथं असा कोसळतो की शेजारचं घर आहे की वाहून गेलं ते हाक मारून विचारावं लागतं. पण ते सगळं पाणी जे उतरतं ते थेट खाली सावित्रीला जाऊन मिळतं, माचीवर घटकाभर टेकतसुद्धा नाही. मे उजाडला की गवत करपतं, कातळ तव्यासारखा तापतो आणि कड्याखालचा एकच झरा थेंब थेंब करत राहतो. टँकर येतो तो डांबरी रस्त्यापर्यंत, पुढची चढण त्याला झेपत नाही. नूतनचं माहेर तुडीलचं, नदीकाठचं. लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये ती रडवेली होऊन म्हणाली होती, "ह्याला कोकण कोण म्हणतो? हा तर वाळवंट हाय." बयाबाईनं ते मनावर घेतलं होतं. झऱ्यावर जाताना ती अजूनही म्हणे, "चल गो, तुझ्या वाळवंटातनं पानी आणू."

अशा जागी नूतननं पाहुण्यांसाठी घर उघडलं होतं. नवरा नीलेश भिवंडीला एका गोदामात कामाला. त्यानं सुट्टीसुट्टीत येऊन घराला दोन खोल्या काढल्या, खिडक्या रायगडाकडे तोंड करून ठेवल्या. नूतननं सरकारी पर्यटन योजनेत प्रशिक्षण घेतलं. महाडहून पाटी रंगवून आणली: "निवास-न्याहारी". बयाबाईला वाचता येत नव्हतं, तिनं सुनेकडून वाचून घेतली.

"निवास म्हंजे?"

"ऱ्हानं."

"आनी न्याहारी म्हंजे न्याहारीच ना?"

"न्याहारीच."

"कदी नाय तो सरकारनं बरा शब्द काढलान," बयाबाई म्हणाली आणि पाटी स्वतः पदरानं पुसून ठेवली.

आता खरी गोष्ट. नीलेशचं गोदाम वापीला हलणार होतं. सेठ म्हणाला होता, यायचं तर बायकोला घेऊन ये, खोली देतो. नाहीतर तुझा तू मोकळा. सोमवारी काय ते सांगायचं. नीलेशला घरी परत यायचं होतं आणि नूतनला तो हवा होता. लग्न झाल्यापासून दोघं सणासुदीलाच काय ती एकत्र होती. पण नुसतं घरी येऊन चालणार कसं? खोल्या चालल्या तरच. आणि खोल्या चालत नव्हत्या. दिवाळीपासून दोन-चार ट्रेकवाले आले, झोपले, गेले. सोमवारपर्यंत काही झालं नाही तर माचीवर म्हातारा-म्हातारी आणि म्हशी उरणार, आणि नूतन वापीत. नदीकाठ सोडून आली तेव्हा तिला ही माची नकोशी होती. आता ती सोडायची म्हटलं की तिचा पाय निघत नव्हता.

त्यातच चारुशीलाबाईंचा फोन आला.

चारुशीलाबाई महाडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी सहल मंडळ काढलं होतं, आणि शाळेत जसं अर्धं गाव त्यांच्या धाकात होतं तसं आता मंडळात होतं. त्या जिथं म्हणतील तिथं महाडकर जात. "शनिवारी मी आणि हे येतो," त्या फोनवर म्हणाल्या. "राहून बघते. आवडलं तर मंडळाच्या सगळ्या सहली तुमच्याकडे. नाही आवडलं तर तसं तोंडावर सांगेन."

नूतन हो म्हणून बसली आणि मग तिला पाण्याची आठवण झाली.

"आंगोळी काय ताकानं घालशील?" बयाबाईनं विचारलं.

नूतननं निळा ड्रम घासला आणि भरायला घेतला. झऱ्यापाशी बसायचं, करवंटीनं खरवडून हंडा भरायचा, चढण चढायची, ओतायचा, परत उतरायचं. आठवडाभर तिनं हेच केलं. घरच्यांना ताकीद दिली की ड्रमला कुणी हात लावायचा नाही. प्रशिक्षणात तिनं दोन गोष्टी पक्क्या डोक्यात बसवून घेतल्या होत्या. पाहुण्याला घरात काही कमी आहे हे कळता कामा नये, आणि पाहुण्याला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. सासरे महिपत गरीब स्वभावाचे, त्यांनी मान डोलावली. बयाबाईनं डोलावली नाही, पण ते नूतनच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी उन्हं कलताना पाहुणे वर आले. चारुशीलाबाई पुढे, ताठ. मागून त्यांचे यजमान, शरदराव. बँकेतून निवृत्त झालेले, धिप्पाड, पण चेहरा असा की कुणीतरी त्यांना सहलीला आणलंय आणि ते कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. बयाबाईनं गूळ-पाणी पुढे केलं. बाईंनी खोली पाहिली. चादर उचलून पाहिली. कोपऱ्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "स्वच्छ आहे. आता आधी आंघोळ करते. घामानं जीव नकोसा झालाय."

त्यांनी आंघोळ केली. केस धुतले. नूतन चुलीपाशी बसून न्हाणीतला तांब्यान् तांब्या ऐकत होती. प्रत्येक तांब्याबरोबर तिला झऱ्याची ती चढण आठवत होती. तरी बाई बाहेर आल्या तेव्हा ती हसून म्हणाली, "अजून लागलं तर सांगा हां बाई, पाणी भरपूर हाय."

जेवताना शरदरावांनी एकदाच तोंड उघडलं. "गेल्या वर्षी आम्ही जैसलमेरला गेलो होतो. वाळवंटात, तंबूत. तिथं चोवीस तास शॉवर होता," ते म्हणाले आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. "भूक नाही."

बाईंचा चेहरा आक्रसला. हात धुताना त्या नूतनला हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या हाताचा दोष नाही. निवृत्त झाल्यापासून हे असंच आहे. घरी काय आणि बाहेर काय, ताटात टाकून उठतात. डॉक्टर झाले, औषधं झाली. म्हणून तर मी ह्यांना गावोगाव फिरवते." मग एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पण बाकी जेवण ठीक होतं."

ठीक. शाळेत असताना त्यांचा 'ठीक' शेरा वहीत आला की पोरी रडत, हे नूतननं ऐकलं होतं. ती आत जाऊन सकाळच्या पोह्यांची तयारी बघू लागली. तिनं पोह्यांत जीव ओतायचं ठरवलं होतं.

ती आत गेली तिथंच घोटाळा झाला. ओटीवर बसलेल्या बयाबाईला बाईंनी विचारलं, "सकाळी न्याहारी किती वाजता असते?"

"गुरा सोडून, पातेरा आनून झाला का," बयाबाई म्हणाली.

"म्हणजे आम्हीसुद्धा यायचं?"

"न्याहारी करनार ना तुमी?"

"करणार की."

"मंग?"

बाईंनी क्षणभर विचार केला. ज्या घरी जावं तिथला नियम पाळावा हे त्यांनी आयुष्यभर पोरींना शिकवलं होतं. "पहाटे हाक मारा," त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

सकाळी नूतन दोन हंडे भरून झऱ्यावरून वर आली तर पाहुण्यांच्या खोलीचं दार सताड उघडं. चादरी घडी करून ठेवलेल्या. पिशव्या आहेत आणि माणसं नाहीत. महिपत अंगणात दोर वळत बसले होते.

"मामा, पाव्हने कुठं गेले?"

"कामाव."

"कुनाच्या कामाव?"

"आपल्याच," महिपत म्हणाले आणि दोराला पीळ घातला.

नूतन हंडे ठेवून माचीच्या काठाकडे धावली. खाली उतारावर बयाबाई पुढे चालली होती. तिच्या मागं चारुशीलाबाई, पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पातेऱ्याचा भारा. पावसाआधी नाचणीचं रोप टाकायची जमीन भाजायला वाळका पातेरा, म्हणजे पालापाचोळा लागतो, तो माचीवरच्या बायका सकाळच्या गारव्यात गोळा करतात. त्यात आज महाडच्या माजी मुख्याध्यापिका होत्या. आणि पलीकडे टेकाडावर, पांढरी टोपी घातलेले शरदराव काठी उगारून म्हशींना काहीतरी समजावून सांगत होते. म्हशी ऐकत नव्हत्या.

नूतनच्या तोंडचं पाणी पळालं. ठेचकाळत ती खाली उतरली आणि सासूला बाजूला ओढलं.

"आई, काय चालवलाव ह्यो?"

"न्याहारीची तयारी."

"अवो, न्याहारी म्हंजे उठल्याव द्यायचा खाना. मी पोहे करनार व्हते."

"उठल्याव खातो तो आजारी मानूस," बयाबाई म्हणाली. तिला खरोखरच कळेना की सून एवढी का तापली आहे. "काम करून आलं का न्याहारी. चाळीस वर्षां मी ह्या घरात न्याहारी रांधत्येय. बसून खानाऱ्याला अजून वाढली नाय. पाटीव लिवलाय तुझ्या, मी नाय लिवलेला."

नूतननं कपाळावर हात मारला. पाटी तिचीच होती, शब्दही तोच होता. सासूनं शब्दाला शब्द इमानानं पाळला होता आणि घरची अब्रू पार डोंगराखाली उतरवली होती. तिनं धावत जाऊन बाईंच्या डोक्यावरचा भारा धरला. "बाई, द्या माझ्याकडं. चूक झाली आमची."

"मध्येच सोडून कसं चालेल?" बाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, केसांत काटक्या अडकल्या होत्या, आणि त्या चिडल्या आहेत की काय हे त्या चेहऱ्यावरून काही केल्या समजेना. "तू म्हशींकडे बघ. त्या ह्यांना जुमानत नाहीयेत."

पण शरदराव म्हशींना घेऊन कधीच वरच्या वाटेला लागले होते. खालचं डबकं आटलेलं बघून म्हशी आपणच घराकडे वळल्या होत्या आणि साहेब त्यांच्यामागे. नूतन आणि दोघी बायका अंगणात पोचल्या तेव्हा ते गोठ्याशी उभे होते, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, टोपी कुठंतरी पडलेली. दगडी डोणीत तोंडं घालून म्हशी पीत होत्या. आणि निळा ड्रम आडवा पडला होता.

"तहानल्या होत्या गं बिचाऱ्या," शरदराव म्हणाले. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकू आला. "खाली टिपूस नाही. म्हटलं, ड्रम भरलेलाच आहे. सगळ्यांना पोटभर पाजलं."

नूतन जागच्या जागी उभी राहिली. आठवडाभराचं झरा-ते-घर त्या डोणीत होतं, आणि म्हशी शेपट्या हलवत ते संपवत होत्या. तेवढ्यात बाईंनी भारा उतरवला आणि म्हणाल्या, "नूतन, पाणी काढ बाई. अंगभर पाचोळा झालाय, आंघोळ केल्याशिवाय मला बसवणार नाही."

काहीतरी थाप मारता आली असती. नळ बंद आहे, थोडं थांबा, खाली पाचाडात सोय करते. पण नूतन दमली होती आणि सोमवार उद्यावर आला होता. तिला थाप सुचली नाही.

"पाणी नाय, बाई. व्हता तेवढा म्हशींनी प्याला. प्यायला माठ हाय आनी आता आनलेले दोन हंडे हायत. बाकी काय नाय."

"काल तर भरपूर आहे म्हणालीस."

"खोटं बोलले."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मी काल केस धुतले."

"हो."

"तू ऐकत होतीस?"

"तांब्यान् तांब्या."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"पाव्हन्याला काय कमी हाय ते कळू द्यायचा नाय, असा शिकलेय मी."

आता बाई खरंच भडकल्या. त्या पायरीवर बसल्या आणि अशा आवाजात बोलल्या की महिपतांचा हात दोरावर थांबला. "शिकलीस ते चुकीचं शिकलीस. म्हणजे मी इथं केस धुवायचे आणि तू माझ्यापायी डोंगर चढायचास? मला एवढी परकी समजलीस? घरच्या माणसाला सांगितलं असतंस की नाही? मग मी तांब्याभर पाण्यात भागवलं असतं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही."

संपलं, नूतनला वाटलं. वापी. आणि संपलंच आहे म्हटल्यावर तिचा संयमही सुटला. तिचेही डोळे भरले होते.

"बाई, आईंनी तुम्हाला घरचा समजून कामाला जुंपला. मी परका समजून पानी लपवला. दोघींतली कुठली धरायची ती धरा. पन ह्या घराला पाव्हना नको झाला, असा मात्र खाली जाऊन सांगू नका."

तेवढ्यात ओटीवरून शरदरावांचा आवाज आला.

"बयाबाई, भाकरी आहे का अजून?"

ह्या दोघी भांडत होत्या तेव्हा बयाबाईनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कामावरून आलेल्या माणसाला तिनं ओटीवर बसवलं होतं, थाळी पुढे ठेवली होती आणि तव्यावरून उतरतील तशा नाचणीच्या भाकऱ्या टाकत होती. वर लोण्याचा गोळा, बाजूला लसणाची चटणी, कुळथाचं पिठलं आणि ताकाचा पेला. काय हवं, किती हवं, असलं काही ती विचारत नव्हती. शरदराव खाली मान घालून जेवत होते. बोटं चाटत होते.

बाई पायरीवरून उठल्या. "काय म्हणालात?"

"भूक लागलीये गं," शरदराव म्हणाले, जरा ओशाळून. "कडकडून लागलीये. विसरलोच होतो कशी असते ती."

बयाबाईनं पुढची भाकरी टाकली. ती त्यांनी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. बाई दाराला धरून उभ्या होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मुख्याध्यापिका वगैरे सगळं विसरून त्या हुंदके देऊन रडल्या. नूतनला काय करावं कळेना. बयाबाईला कळलं. तिनं वाटीभर पाणी पुढे केलं, म्हणाली, "हात धू, बाय. निवतेय."

बाईंनी वाटीभर पाण्यात हात धुतले, तोंड पुसलं आणि केसांतल्या काटक्यांसकट नवऱ्याशेजारी जेवायला बसल्या. दुसरी भाकरी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "नूतन, पोहे कधी करू नकोस. माझी माणसं पोहे घरी खातात."

नूतनला नीट ऐकू आलं की नाही याची खात्री होईना. "तुमची मानसं येनार हायत?"

"आवडलं नाही तर तोंडावर सांगेन म्हटलं होतं ना? मघाशी मी तुला बोलले ते तुझ्या खोटेपणाबद्दल. घराबद्दल बोलले का काही?" त्यांनी ताकाचा पेला उचलला. "पहिली सहल ह्याच महिन्यात आणते. पावसाळ्यानंतर येणारे पुष्कळ असतात. येणाऱ्याला वर पाऊल टाकतानाच सांगायचं, पाणी किती आहे ते. प्रत्येकानं झऱ्यावरून आपली कळशी आपण आणायची, तीच त्याची आंघोळ. आणि सकाळी उठवायचं काम बयाबाईंचं. आमच्या मंडळात दोघी-तिघी आहेत, त्यांच्या डोक्यावर भारा बघायची माझी फार दिवसांची इच्छा आहे."

"मेमध्ये लोक येतील, बाई?"

"हे जेवले," बाई म्हणाल्या. "महाडात मी एवढंच सांगणार आहे. सगळ्यांनी ह्यांना ताटात टाकून उठताना पाहिलंय."

नूतन उठली आणि धावत सुटली. माचीवर फोनला रेंज एकाच कातळावर मिळते, तिथं उन्हात उभी राहून तिनं नीलेशला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं? खूश हाय का पार्टी? टेन्शनमध्ये झोप नाय मला."

"आईनं त्यांना म्हशींमागं धाडला."

"गेस्टला?"

"बाईंना भारा उचलाय लावला. मंग साहेबांनी आंगोळीचा सगळा पानी म्हशींना पाजला. मंग मी बाईंशी भांडले."

"म्हणजे खेळ खल्लास," नीलेश म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "जाऊ दे, नूतन. तू खूप केलंस. सेठला हो म्हणून टाकतो."

"नाय म्हनून सांग."

"काय?"

"सेठला नाय म्हनून सांग. सगळ्या सहली आपल्याकडं. आत्ता बोलल्या बाई, आईच्या ओटीव बसून." ती बोलत होती आणि रडत होती, आणि रडत असूनही हसू थांबत नव्हतं. "ऐकलास का? सगळ्या."

इतकी वर्षं फोनवर नेहमी 'टेन्शन नको घेऊ' म्हणणारा तो माणूस आता पोरासारखं विचारत होता, "मंग मी घरी येऊ?"

"ये," नूतन म्हणाली.

खाली अंगणात सगळी बाहेर येऊन उभी होती. महिपत दोर हातात धरून, शरदराव पेला हातात धरून. बयाबाई डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघत होती. मुलगा घर सोडून गेला त्या दिवसापासून तिनं त्याला परत ये असं एकदाही म्हटलं नव्हतं, सुनेपाशी कधी कुरकुरही केली नव्हती.

"काय बोलला गो?" तिनं खालून हाक दिली.

"येतोय," नूतन कातळावरून ओरडली. सगळ्या माचीला ऐकू गेलं, शेजारपाजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. "आई, तो घरी येतोय. कायमचा."

बयाबाई उभी होती तिथंच मटकन खाली बसली. तिनं पदरात तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले. चारुशीलाबाई तिच्याशेजारी अंगणात बसल्या, हाताला लोणी होतं ते तसंच, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.